जावा वेब प्रणालींमधील सेशन-माहितीची साठवण : स्वरूप, पर्याय आणि जोखीम

प्रस्तावना

परीक्षा अर्ज भरण्याची मुदत संपत आलेली असते. विद्यार्थी संकेतस्थळावर चार पाने भरतो, पाचव्या पानावर कागदपत्रे शोधण्यात थोडा वेळ जातो आणि 'पुढे' हे बटण दाबताच पडद्यावर 'आपले सेशन संपले आहे, कृपया पुन्हा प्रवेश करा' हे वाक्य उमटते. भरलेली चारही पाने नाहीशी झालेली असतात. अशा वेळी दोष बहुधा इंटरनेटच्या वेगाला किंवा सर्व्हरवरील गर्दीला दिला जातो. वस्तुतः हा दोष बऱ्याचदा प्रणालीचा आराखडा आखतानाच निर्माण झालेला असतो. विद्यार्थ्याचे अपुरे काम कोठे, किती काळ आणि कोणाच्या भरवशावर ठेवायचे, या प्रश्नाचा पुरेसा विचार तेथे झालेला नसतो.

प्रस्तुत लेखात जावा तंत्रज्ञानावर आधारलेल्या मोठ्या वेब प्रणालींमध्ये वापरकर्त्याची सेशन-माहिती साठवण्याच्या पद्धतींचे विवेचन केले आहे. या विषयावरील चर्चा सामान्यतः 'सेशन कोठे ठेवावे' या प्रश्नापासून सुरू होते. तथापि सेशनमध्ये काय ठेवावे हा प्रश्न त्याआधीचा आहे आणि त्याचे उत्तर चुकले तर साठवणीची कोणतीही जागा प्रणालीला वाचवू शकत नाही, असे येथे प्रतिपादन आहे.

परिभाषेबाबत एक खुलासा आवश्यक आहे. 'सेशन'साठी 'सत्र' हा प्रतिशब्द उपलब्ध आहे. परंतु महाविद्यालयीन वाचकाच्या मनात सत्र म्हटले की सहामाही उभी राहते. म्हणून येथे 'सेशन' हाच रूढ शब्द वापरला आहे.

एचटीटीपीचा विसराळूपणा

वर्ल्ड वाइड वेबची निर्मिती टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत केली, ती मुख्यतः दस्तऐवजांच्या देवाणघेवाणीसाठी. ब्राउझरने दस्तऐवज मागावा, सर्व्हरने तो द्यावा आणि संबंध संपावा, एवढाच व्यवहार अपेक्षित होता. त्यामुळे एचटीटीपी हा संदेशवहनाचा नियमसंच मुळातच स्मृतिहीन आहे. एकाच व्यक्तीने लागोपाठ दहा विनंत्या केल्या तरी सर्व्हरच्या दृष्टीने त्या दहा अनोळखी विनंत्याच असतात.

ही उणीव आहे असे मानण्याची घाई करू नये. रॉय फील्डिंग यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत २००० साली सादर केलेल्या प्रबंधात या स्मृतिहीनतेला वास्तुरचनेचे तत्त्वच मानले आहे. सर्व्हरला मागचे काही लक्षात ठेवावे लागत नसेल, तर कोणतीही विनंती कोणत्याही सर्व्हरकडे पाठवता येते, एक सर्व्हर बंद पडला तर दुसरा त्याची जागा घेतो आणि वाढत्या गर्दीला केवळ सर्व्हर वाढवून तोंड देता येते. वेबचा अफाट विस्तार या विसराळूपणामुळेच शक्य झाला.

अडचण आली ती व्यापार सुरू झाल्यावर. खरेदीच्या टोपलीत ग्राहकाने काय टाकले हे पुढच्या पानावर माहीत असणे आवश्यक होते. नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी १९९४ मध्ये यावर 'कुकी'चा उपाय काढला. सर्व्हरने दिलेला लहानसा मजकूर ब्राउझरने जपून ठेवायचा आणि त्या सर्व्हरकडे जाणाऱ्या प्रत्येक विनंतीसोबत तो परत पाठवायचा, अशी ही व्यवस्था होती. अपुऱ्या व्यवहारांचे ओझे सर्व्हरने वाहू नये, ही त्यामागची मूळ प्रेरणा होती. पुढे जावा प्रणालींनी हीच कुकी नेमकी उलट्या कामाला लावली. तिच्यात केवळ एक क्रमांक ठेवला आणि सारी माहिती सर्व्हरकडे घेतली.

बिल्ला आणि दप्तर

बँकांचे संगणकीकरण होण्यापूर्वी धनादेश वटवण्याची पद्धत ज्यांना आठवते, त्यांना जावाच्या सर्व्हलेट तंत्रातील सेशनची कल्पना सहज समजेल. खिडकीवर धनादेश दिला की ग्राहकाला क्रमांक कोरलेला पितळी बिल्ला मिळत असे. धनादेश आणि खातेवही आत फिरत राहत. ग्राहकाच्या हाती फक्त बिल्ला असे. क्रमांक पुकारला गेला की बिल्ला दाखवून पैसे घ्यायचे. बिल्ल्यावर नाव नसे, रक्कमही नसे. ज्याच्या हातात बिल्ला, तो ग्राहक.

सर्व्हलेट व्यवस्थेत ब्राउझरकडील 'जेसेशनआयडी' नावाची कुकी म्हणजे हा बिल्ला होय आणि सर्व्हरवरील 'एचटीटीपीसेशन' हे ऑब्जेक्ट म्हणजे आतले दप्तर. टॉमकॅट या प्रसिद्ध सर्व्हरमध्ये हा क्रमांक मूलतः १६ बाइटांचा, म्हणजे ३२ षोडशमान अंकांचा, यदृच्छ पद्धतीने तयार होतो. तो अंदाजाने ओळखणे व्यवहारतः अशक्य आहे. दप्तरात नाव आणि मूल्य अशा जोड्यांच्या स्वरूपात विकासक हवे ते ठेवू शकतो. ही सोय इतकी सहज आहे की तिचा गैरवापर अटळ ठरतो. एका ओळीत ठेवता येते, दुसऱ्या ओळीत काढता येते. मधल्या काळात ती वस्तू कोठे आहे याचा विचारही करावा लागत नाही.

२०२० च्या अखेरीस आलेल्या जकार्ता ईई ९ पासून या साऱ्या वर्गांच्या नावांतील 'जावाएक्स' जाऊन 'जकार्ता' आले. नावे बदलली, सेशनची मूळ कल्पना मात्र तीच आहे.

कुकी स्वीकारली जात नसेल तर हा क्रमांक पानाच्या पत्त्यातच जोडण्याची सोय सर्व्हलेटमध्ये आहे. तिचा वापर टाळणेच इष्ट. विद्यार्थिनीने आपल्या अर्जाच्या पानाचा पत्ता मैत्रिणीला ईमेलने पाठवला, तर पत्त्यासोबत तिचा बिल्लाही जातो. २००९ मध्ये आलेल्या सर्व्हलेट ३.० आवृत्तीपासून ही पद्धत बंद ठेवण्याची तरतूद झाली आहे.

सर्व्हरच्या स्मृतीचा हिशेब

सेशन ठेवण्याची सर्वांत सोपी आणि जलद जागा म्हणजे सर्व्हरची स्वतःची स्मृती. काही विशेष केले नाही तर सर्व्हलेट सर्व्हर हेच करतो. लहान प्रणालीसाठी ते पुरेसेही असते. परंतु येथे एक हिशेब नेहमी दुर्लक्षिला जातो.

समजा, दर मिनिटाला १०० नवे वापरकर्ते येतात आणि प्रत्येक जण ५ मिनिटे काम करून निघून जातो. बहुतेक जण 'बाहेर पडा' हे बटण न दाबताच खिडकी बंद करतात. सर्व्हरला त्यांचे जाणे कळत नाही. तो निष्क्रियतेची मुदत संपेपर्यंत वाट पाहतो आणि टॉमकॅटमध्ये ही मुदत मूलतः ३० मिनिटांची आहे. म्हणजे प्रत्येक सेशन ३५ मिनिटे जिवंत राहते आणि कोणत्याही क्षणी स्मृतीत ३,५०० सेशन असतात. त्यांपैकी प्रत्यक्ष काम करणारे अवघे ५००. उरलेले ३,००० केव्हाच उठून गेलेल्यांचे. प्रत्येक सेशनमध्ये २०० किलोबाइट माहिती असेल तर सुमारे ७०० मेगाबाइट स्मृती गुंतते. मुदत १० मिनिटे केली तर सेशनची संख्या १,५०० वर आणि स्मृतीचा वापर ३०० मेगाबाइटवर येतो. मात्र कागदपत्रे शोधत बसलेल्या विद्यार्थ्याचा अर्ज मग दहाव्या मिनिटालाच बुडतो. स्मृती वाचवावी तर वापरकर्ता बुडतो आणि वापरकर्ता सांभाळावा तर स्मृती भरते. २०० किलोबाइटांचा आकडा २ किलोबाइटांवर आणला तर मात्र ही कोंडी राहतच नाही. ३,५०० सेशन मग अवघ्या ७ मेगाबाइटांत मावतात आणि मुदत ३० मिनिटे ठेवायची की तासभर, हा निर्णय स्मृतीच्या धाकाशिवाय घेता येतो.

काही बारीक खाचखळगेही येथे नोंदवणे आवश्यक आहे. निष्क्रियतेची मुदत संरचना-फाइलमध्ये मिनिटांत लिहावी लागते, तर जावाच्या आज्ञेतून देताना ती सेकंदांत द्यावी लागते. तीस मिनिटांच्या जागी तीस सेकंद देऊन बसणे अवघड नाही. जेएसपी पाने काही सांगितले नाही तर प्रत्येक भेटीला सेशन निर्माण करतात. शोधयंत्रांचे स्वयंचलित वाचक कुकी परत पाठवत नसल्याने त्यांच्या प्रत्येक विनंतीला नवे दप्तर उघडले जाते. टॉमकॅटमध्ये केवळ या वाचकांसाठी वेगळी सोय करावी लागली, यावरून प्रश्नाची व्याप्ती लक्षात यावी. याउलट, एखादे पान दर मिनिटाला आपोआप सूचना विचारत असेल तर माणूस घरी गेला तरी त्याचे सेशन कधीच संपत नाही.

एकाहून अधिक सर्व्हर

मोठ्या प्रणालीत एक सर्व्हर पुरत नाही. चार-पाच सर्व्हर मांडून त्यांच्यापुढे लोड बॅलन्सर, म्हणजे विनंत्या वाटून देणारी यंत्रणा, ठेवली जाते. एचटीटीपीच्या मूळ स्वभावाप्रमाणे कोणतीही विनंती कोठेही जायला हवी. पण दप्तर तर पहिल्याच सर्व्हरच्या स्मृतीत आहे. दुसरी विनंती तिसऱ्या सर्व्हरकडे गेली तर तेथे हा बिल्ला कोणाच्याच ओळखीचा नसतो.

यावरील प्रचलित तोड म्हणजे 'स्टिकी सेशन'. पहिली विनंती ज्या सर्व्हरने घेतली, त्या सेशनच्या पुढील सर्व विनंत्या त्याच्याकडेच पाठवायच्या. ही व्यवस्था सोपी आहे आणि अजूनही फार मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. मात्र तो सर्व्हर बंद पडला, किंवा प्रणालीची नवी आवृत्ती चढवण्यासाठी तो बंद करावा लागला, की त्याच्यावरील सर्व सेशन नष्ट होतात. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी हे घडले तर त्याचे परिणाम सांगण्याची गरज नाही.

म्हणून सेशनच्या प्रती इतर सर्व्हरवर ठेवण्याच्या पद्धती आल्या. टॉमकॅटच्या 'डेल्टा मॅनेजर'मध्ये प्रत्येक सेशनमधील बदल समूहातील सर्व सर्व्हरना कळवला जातो. वरील उदाहरणात पाच सर्व्हर असून प्रत्येकाचे स्वतःचे ३,५०० सेशन असतील, तर प्रत्येकाच्या स्मृतीत १७,५०० सेशन म्हणजे सुमारे साडेतीन गिगाबाइट माहिती साठते. सर्व्हर वाढवावेत तसे प्रत्येकावरील ओझे वाढत जाते; ज्यासाठी सर्व्हर वाढवले तो हेतूच पराभूत होतो. टॉमकॅटच्या अधिकृत माहितीपुस्तिकेनेही चारेक सर्व्हरपलीकडे ही पद्धत वापरू नये असा सल्ला दिला आहे. त्याऐवजी 'बॅकअप मॅनेजर' एकाच सर्व्हरवर राखीव प्रत ठेवतो. वेबलॉजिक या व्यावसायिक सर्व्हरची मूळ रचनाही मुख्य आणि दुय्यम अशा दोन प्रतींचीच आहे आणि या दोन प्रती कोठे आहेत याची खूण कुकीतच घातलेली असते.

प्रत पाठवायची म्हणजे सेशनमधील ऑब्जेक्टचे बाइटांच्या क्रमात रूपांतर करावे लागते. जावामध्ये यास सिरिअलायझेशन म्हणतात. विकासकाची खरी परीक्षा येथे होते. सेशनमध्ये डेटाबेसची जोडणी किंवा उघडी फाइल ठेवली असेल तर तिचे असे रूपांतर होऊच शकत नाही. एका सर्व्हरवर महिनोनमहिने विनातक्रार चाललेली प्रणाली समूहात टाकताच कोसळते, ती अनेकदा याच कारणाने. दुसरा सापळा अधिक फसवा आहे. सेशनमधील यादी काढून तिच्यात नवा विषय जोडला, पण ती यादी 'सेटॲट्रिब्यूट' या आज्ञेने पुन्हा सेशनमध्ये ठेवली नाही, तर मूळ सर्व्हरवर बदल दिसतो. मात्र बदल झाल्याचे प्रतिलिपी यंत्रणेला अनेक सर्व्हरमध्ये कळतच नाही. पहिला सर्व्हर बंद पडल्यावर दुसरा जुनी यादी पुढे करतो. कोणतीही त्रुटी नोंदली जात नाही. विद्यार्थ्याचा एक विषय तेवढा गळालेला असतो. तिसरी अडचण आवृत्तीची. वर्गाची रचना बदलून नवी आवृत्ती चढवली की जुन्या रचनेत साठवलेली सेशन वाचता येईनाशी होतात.

डेटाबेस आणि सामायिक साठा

सेशन सर्व्हरच्या बाहेर, सर्वांना पोहोचेल अशा एका ठिकाणी ठेवणे हा पुढचा मार्ग होय. डेटाबेसमध्ये सेशन ठेवण्याची सोय वेबस्फिअर, वेबलॉजिक आणि टॉमकॅट या तिन्हींत पूर्वीपासून आहे. टिकाऊपणाच्या दृष्टीने हा पर्याय उत्तम. सर्व्हर बंद पडले तरी नोंद शिल्लक राहते. किंमत वेगाची मोजावी लागते. वापरकर्त्याने केवळ एक पान पाहिले तरी 'शेवटचा वापर केव्हा' ही वेळ बदलते, म्हणजे प्रत्येक वाचनामागे एक लेखन आले. वेबस्फिअरमध्ये हे लेखन प्रत्येक विनंतीच्या शेवटी करायचे, ठराविक कालांतराने करायचे की कार्यक्रमाने सांगितल्यावरच करायचे, हे ठरवता येते. कालांतर वाढवले की वेग वाढतो आणि मधल्या काळातील बदल गमावण्याची शक्यताही तेवढीच वाढते.

वेग आणि सामायिकता यांची सांगड घालणारे स्मृतिसाठे नंतर लोकप्रिय झाले. ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांचा मेमकॅशडी २००३ मध्ये आला. साल्व्हातोर सानफिलिप्पो यांचा रेडिस २००९ मध्ये. रेडिसमध्ये प्रत्येक नोंदीला आयुष्यमर्यादा देता येते आणि मुदत संपताच ती आपोआप नाहीशी होते. सेशनच्या स्वभावाशी हे तंतोतंत जुळते. स्प्रिंग सेशन ही लायब्ररी सर्व्हलेटचे नेहमीचे सेशन-ऑब्जेक्ट गुपचूप बदलून त्याच्या जागी रेडिसमधील नोंद आणते, त्यामुळे मूळ कार्यक्रमात फारसा फेरफार करावा लागत नाही. कोणत्याही सर्व्हरने कोणतीही विनंती घ्यावी, एकामागून एक सर्व्हर बंद करून नवी आवृत्ती चढवावी, हे स्वातंत्र्य पुन्हा मिळते. मात्र साठा स्वतःच बंद पडला तर एकाच वेळी सर्वांची सेशन जातात, म्हणून त्याचीही राखीव प्रत लागते. शिवाय त्याची स्मृती भरली की ठरवून दिलेल्या नियमानुसार तो जुन्या नोंदी टाकून देतो किंवा नवी नोंद नाकारतो. हा नियम कोणता आहे हे गर्दीच्या दिवसापूर्वी माहीत असावे.

ब्राउझरकडेच सारी माहिती परत सोपवण्याचा मार्गही आहे. मे २०१५ मध्ये प्रमाणित झालेल्या जेडब्ल्यूटी या स्वरूपात सर्व्हर वापरकर्त्याची माहिती स्वतःच्या डिजिटल स्वाक्षरीसह ब्राउझरला देतो आणि पुढे केवळ स्वाक्षरी तपासतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर बिल्ल्याऐवजी सही-शिक्क्याचे पत्रच ग्राहकाच्या हाती दिले जाते. या पत्रातील मजकूर सामान्यतः सांकेतिक नसतो, कोणीही वाचू शकतो. कुकीत ते ठेवायचे तर सुमारे ४,०९६ बाइटांची मर्यादा आड येते. आणि दिलेले पत्र मुदतीपूर्वी परत घेता येत नाही. एखाद्या कर्मचाऱ्याचा प्रवेशाधिकार आज, या क्षणी रद्द करायचा असेल, तर रद्द झालेल्या पत्रांची यादी सर्व्हरला ठेवावी लागते आणि टाळलेली स्मृती मागल्या दाराने परत येते.

दोन खिडक्या, एकच सेशन

आतापर्यंतचे सर्व पर्याय 'कोठे' या प्रश्नाचे आहेत. आता असे उदाहरण घेऊ की ज्यात जागा कोणतीही निवडली तरी प्रणाली चुकतेच.

महाविद्यालयातील एक लिपिक विद्यार्थ्यांचे अर्ज दुरुस्त करत आहे, असे समजू. त्याने एका खिडकीत पहिल्या विद्यार्थिनीचा अर्ज उघडला. प्रणालीने 'सध्याचा अर्ज' या नावाखाली तिचा अर्ज सेशनमध्ये ठेवला. तेवढ्यात दुसरा विद्यार्थी आला, म्हणून लिपिकाने पहिली खिडकी तशीच ठेवून दुसरी उघडली आणि त्याचा अर्ज काढला. दोन्ही खिडक्यांची कुकी एकच, म्हणून सेशनही एकच. 'सध्याचा अर्ज' आता दुसऱ्याचा झाला. लिपिकाने पहिल्या खिडकीकडे परत येऊन विद्यार्थिनीचा विषय बदलला आणि जतन केला. पडद्यावर तिचे नाव आहे; बदल मात्र त्याच्या अर्जात झाला. तक्रार येईल ती निकालाच्या वेळी आणि तेव्हा लिपिकालाच दोषी धरले जाईल.

हे सेशन स्मृतीत होते, डेटाबेसमध्ये होते की रेडिसमध्ये, याने काहीच फरक पडत नाही. चूक अशी की 'कोणत्या अर्जावर काम चालू आहे' ही गोष्ट माणसाची नसून खिडकीची आहे, आणि ती माणसाच्या दप्तरात ठेवली गेली. अर्जाचा क्रमांक प्रत्येक पानासोबत पाठवला, सर्व्हरने तो अर्ज हाताळण्याचा अधिकार दर वेळी तपासला आणि अपुरा अर्ज 'मसुदा' म्हणून डेटाबेसमध्ये स्वतःच्या क्रमांकाने ठेवला, तर दोन खिडक्यांचा गोंधळ उद्भवत नाही. सेशन संपले तरी मसुदा राहतो. पुन्हा प्रवेश केला की पाचवे पान तेथेच वाट पाहत असते. सेशनमध्ये मग उरते ते एवढेच, की हा माणूस कोण आहे आणि त्याचे अधिकार कोणते. प्रस्तावनेतील विद्यार्थ्याची चार पाने वाचतात ती यामुळे. त्यासाठी सर्व्हरची स्मृती वाढवण्याची गरज नसते.

याच प्रश्नाची एक तांत्रिक बाजूही आहे. एकाच सेशनच्या दोन विनंत्या एकाच क्षणी येऊ शकतात आणि सर्व्हर त्या दोन स्वतंत्र थ्रेडमध्ये चालवतो. ब्रायन गेट्झ यांनी २००८ मध्ये आपल्या लेखातून सेशनमधील बदलत्या ऑब्जेक्टकडे लक्ष वेधले आणि अशा बहुतेक प्रणाली या बाबतीत सदोष असल्याचे दाखवून दिले. एक थ्रेड यादी वाचत असता दुसरा तिच्यात भर घालत असेल, तर अर्धवट अवस्था दिसू शकते. ही चूक चाचणीत सहसा सापडत नाही, गर्दीत सापडते. सेशनमध्ये एकदा ठेवल्यावर न बदलणारी, लहान मूल्येच ठेवली तर या चुकीला वावच राहत नाही. म्हणजे सुरक्षितता, वेग, प्रतिलिपी आणि अचूकता या चारही दृष्टींनी विचार केला तरी दप्तर हलके ठेवण्याकडेच कौल जातो, ही बाब अध्यापनात पुरेशी अधोरेखित होत नाही. अभ्यासक्रमात सेशनचे उदाहरण म्हणून खरेदीची टोपली दिली जाते आणि विद्यार्थी सर्व काही टोपलीत टाकण्याची सवय लावून घेतात.

बिल्ल्याची चोरी

बिल्ला ज्याच्या हाती तो ग्राहक, हा नियम सेशनलाही लागू असल्याने क्रमांक चोरीला जाणे म्हणजे ओळख चोरीला जाणे होय. ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर यांनी फायरशीप हे फायरफॉक्सचे जोडसाधन प्रसिद्ध केले. उघड्या वाय-फायवर बसलेल्या इतरांच्या सेशन-कुकी टिपून त्यांच्या नावाने प्रवेश करणे त्यामुळे एका क्लिकवर आले. तोपर्यंत अनेक मोठी संकेतस्थळे केवळ पासवर्डचे पान एचटीटीपीएसवर ठेवत आणि पुढील पाने उघडी सोडत. कुलूप दाराला लावून चावी अंगणात ठेवण्याचा हा प्रकार होता. आज सर्व पाने एचटीटीपीएसवर असणे, कुकीला 'सिक्युअर' आणि 'एचटीटीपीओन्ली' ही बंधने असणे हे किमान अपेक्षित आहे.

चोरी न करता बिल्ला स्वतःच पुरवण्याची युक्ती याहून चतुर आहे. मित्या कोल्शेक यांनी डिसेंबर २००२ मध्ये 'सेशन फिक्सेशन' या नावाने तिचे विवेचन केले. हल्लेखोर आधी स्वतः एक सेशन-क्रमांक मिळवतो, तो असलेला दुवा दुसऱ्याच्या गळी उतरवतो आणि त्या व्यक्तीने त्याच क्रमांकावर पासवर्ड दिला की हल्लेखोराच्या हातातील बिल्ल्यालाही प्रवेश मिळतो. उपाय सोपा आहे. ओळख पटताच क्रमांक बदलायचा. सर्व्हलेटमध्ये त्यासाठी 'चेंजसेशनआयडी' ही थेट आज्ञा २०१३ मधील ३.१ आवृत्तीत आली. त्यापूर्वी जुने सेशन मोडून नव्यात माहिती हलवावी लागे.

साठवणीची जागाच हल्ल्याचे दार ठरू शकते, हे अलीकडच्या काळात दिसून आले. बाइटांच्या क्रमातून ऑब्जेक्ट पुन्हा उभे करताना जावा त्यातील वर्गांची सांकेतिक भाषा चालवते. म्हणून तो क्रम हल्लेखोराने रचलेला असेल तर सर्व्हरवर त्याची आज्ञा चालते. मे २०२० मध्ये टॉमकॅटच्या फाइलमध्ये सेशन साठवण्याच्या सोयीशी निगडित असा दोष उघड झाला. मार्च २०२५ मध्ये त्याच जातीचा दुसरा दोष, सीव्हीई-२०२५-२४८१३, जाहीर झाला. फाइलमधील सेशन मूळ ठिकाणीच साठवणे, सर्व्हरवर लेखनाची परवानगी असणे आणि गैरवापर होऊ शकेल अशी लायब्ररी उपलब्ध असणे या अटी एकत्र आल्या, तर बाहेरची व्यक्ती बनावट सेशन-फाइल ठेवून ती सर्व्हरकडून उघडवून घेऊ शकत होती. मूळ मांडणीत लेखनाची परवानगी बंद असते, त्यामुळे सर्वच सर्व्हर धोक्यात नव्हते. परंतु 'सेशन ही आपलीच माहिती, तिच्यावर संशय कशाला' हे गृहीतक मात्र टिकले नाही.

महाविद्यालयीन संगणक प्रयोगशाळेच्या संदर्भात 'बाहेर पडा' या बटणाचा स्वतंत्र विचार करावा लागतो. अनेक प्रणालींत ते दाबल्यावर केवळ मुखपृष्ठ दाखवले जाते, किंवा फार तर ब्राउझरमधील कुकी पुसली जाते; सर्व्हरवरील दप्तर मुदत संपेपर्यंत उघडेच राहते आणि क्रमांक कोणी टिपून ठेवला असेल तर तो चालतो. सर्व्हरवर 'इनव्हॅलिडेट' ही आज्ञा झाली तरच सेशन खऱ्या अर्थाने संपते. खिडकी बंद केल्याने कुकी जाते, ही जुनी समजूतही आता विश्वासार्ह राहिलेली नाही. मागच्या वेळी जेथे सोडले तेथूनच पुढे सुरू करण्याची सोय आजच्या ब्राउझरांत आहे आणि ती चालू असेल तर सेशनची कुकीही परत येते. प्रयोगशाळेतील सामायिक यंत्रांवर ही सोय बंद ठेवणे हे प्रणाली-विकासकाचे काम नव्हे. ते प्रयोगशाळेच्या प्रमुखांनाच करावे लागते.